मोटारीची भूक

दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांत मोडतो आणि त्या दिवशी आपल्या घरांत वस्तू येतात. कुणाकडे सोने येते, कुणाकडे शिलाईयंत्र येते, आणि ज्याचे दैव मोठे किंवा कर्ज मोठे, त्याच्या दारात मोटार येते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडले जाते आणि आळीत पेढे वाटले जातात. वस्तू घेण्याला आपण अशी मानाची जागा दिली आहे. घेतलेली वस्तू सांभाळण्याला मात्र पंचांगात जागा नाही. खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो हे खरे. पण पान्याला आणि पकडीला गंध लावले म्हणून गॅरेजचे बिल कमी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हा विचार डोक्यात येण्याला कारण आमचे गाव. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला मोटारी पाहायला कुठे जावे लागत नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. मुंबईहून पुण्याकडे निघालेले जवळजवळ प्रत्येक वाहन आमच्या दारावरून जाते. पावसाळ्यातल्या शनिवारी भुशी धरणाच्या रस्त्याला जी रांग लागते, ती पाहिली म्हणजे जगातल्या सगळ्या कारखान्यांचे संमेलन भरले आहे असे वाटावे. आणि घाट हा परीक्षक म्हणून मोठा कठोर. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरांचा चढ आहे. सपाटीवर लपून राहिलेले दुखणे या चढावर बाहेर पडते. बाकावर बसून घडाघडा पाठ म्हणणारा मुलगा फळ्यासमोर उभा केला की अडखळतो, त्यातलाच प्रकार.

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी राहिलेली गाडी दिसली की मी तिच्या नाकावरचे चिन्ह पाहते आणि मग पाटीवरचा क्रमांक. हे निरीक्षण शास्त्रीय नव्हे. परंतु अशा गाड्यांत पुष्कळदा एखादी थोरामोठ्यांच्या घरची, पण वयाने दहा-बारा वर्षांची मोटार असते. तिच्याशेजारी छत्री धरून उभे असलेले कुटुंब मात्र थोरामोठ्यांचे वाटत नाही. ते तुमच्या-माझ्यासारखे असते. नवरा फोनवर बोलत असतो, बायको मुलाला घट्ट धरून असते, आणि दोघेही एकमेकांकडे पाहण्याचे टाळत असतात.

अशी मोटार अशा घरी येते कशी, हे कोडे अवघड नाही. एकेकाळी परदेशी बनावटीची मोठी मोटार म्हणजे चित्रपटातली वस्तू होती. मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला आरंभ केला आणि २००९ साली आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला, स्वतःचा कारखाना थाटला. इतरही आल्या. गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, आणि पाच-सात वर्षांनी त्याच गाड्या जुन्या बाजारात दिसू लागल्या. तिथे त्यांचे भाव असे कोसळतात की पाहणाऱ्याला वाटावे, विकणाऱ्याचे काही बिनसले असणार.

बिनसलेले काही नसते. मोठ्या मोटारीच्या मूळ किमतीत पोलाद आणि चामडे किती आणि इतर गोष्टी किती, याचा विचार केला म्हणजे उलगडा होतो. किमतीचा एक मोठा भाग कराचा. कित्येक वर्षे वस्तू-सेवा कर आणि त्यावरचा अधिभार मिळून तो अशा गाड्यांवर पन्नास टक्क्यांपर्यंत जात असे. २०२५च्या सप्टेंबरात तो चाळीस टक्के झाला. दुसरा भाग नवेपणाचा, आणि तिसरा लोकांच्या डोळ्यांचा. नवे रूप बाजारात आले की जुन्या रूपाकडे वळणारे डोळे कमी होतात आणि तेवढी किंमत गळून पडते. कधी कायदाही हातभार लावतो. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवू नयेत, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०२५च्या जुलैत तिथल्या पेट्रोलपंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारण्याची तयारी झाली, तेव्हा ८४ लाखांना घेतलेली एक मोटार अडीच लाखांना विकून टाकल्याची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. पुढे त्या नियमाची धार बोथट झाली. पण त्या आठवड्यात त्या मोटारीचा एक खिळाही बदललेला नव्हता. बदलली होती ती भोवतालच्या माणसांची नजर.

किमतीचे हे असे आहे. दुरुस्तीचे तसे नाही. आणि इथेच, माझ्या मते, साऱ्या प्रश्नाची गाठ आहे.

आमच्या जुन्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. त्याचा मालक माझ्या हाताखाली बाराखडी गिरवून गेला. त्याच्या गॅरेजच्या दाराशी लाकडी बाकावर बसून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. साध्या मोटारीखाली लोखंडी स्प्रिंग असते. ती मोडली तर दुसरी बसवावी, काम संपले. कित्येक भारी गाड्यांखाली स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. त्यामुळे आत बसणाऱ्याला खड्डा कळत नाही. पण रबर ते रबर; ते सुकते, त्याला केसासारखी भेग पडते, हवा झिरपू लागते. ती भरून काढण्यासाठी हवा भरणारा पंप सारखा धावत राहतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे एका भेगेची दोन बिले. गिअर आपोआप बदलतात, ते बदलण्याचा निर्णय एक छोटा संगणक घेतो, आणि तो संगणक बिघडला तर हातोडी आणि तार घेऊन काही करता येत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या आणि जोड पुष्कळदा प्लॅस्टिकचे. दहा वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात, आणि घाटाच्या मध्यावर आल्यावर त्यांना आपल्या वयाची आठवण होते. अंगभर तारांचे जाळे. लोणावळ्याचा चार महिन्यांचा पाऊस त्या जोडांत शिरतो, आणि पाऊस थांबला की ऊब शोधणारे उंदीर शिरतात.

“बाई,” तो म्हणाला, “पूर्वीच्या फियाटला काय होतंय ते मी कानानं ओळखायचो. ही गाडी आपलं दुखणं फक्त तिच्या कंपनीच्या मशीनला सांगते. आणि ती मशीन फुकट बोलत नाही.”

थोडक्यात असे, की साठ लाखांची मोटार नऊ लाखांना मिळते. पण तिचा फुगा, तिचा पंप, तिचे टायर हे साठ लाखांच्या मोटारीचेच राहतात. जुन्या बाजारात मोटारीची किंमत उतरते. तिची भूक उतरत नाही.

हे सारे मला कळले ते मात्र बाकावर बसून नव्हे. ते कळले माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे. तिने शाळेच्या शिवनेरीच्या सहलीचे पैसे आणले नाहीत. दोनदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आमच्या गाडीचा फुगा फुटलाय.” मला वाटले, सायकलच असेल.

तिचा बापही माझाच विद्यार्थी. नाणे मावळातल्या एका गावचा. त्याचे वडील भातशेती सांभाळून इथल्या एका शेटजींच्या बंगल्यावर माळीकाम करीत. शेटजी मुंबईहून आले की हा पोरगा फडके घेऊन मोटार पुसायला हजर. मोठा झाला, एका कंपनीत कामाला लागला, लग्न झाले. मग वडिलोपार्जित जमिनीच्या एका तुकड्याचा व्यवहार झाला आणि वाट्याला आलेल्या पैशांतून त्याने अकरा वर्षे वयाची एक परदेशी बनावटीची मोटार घेतली. किंमत नऊ लाख. नवी असताना ती साठ लाखांची होती.

पुढच्या चौदा महिन्यांचा हिशेब त्याने मला एका वहीत लिहून दाखवला. माझ्याच शाळेत शिकल्यामुळे की काय, आकडे एकाखाली एक नीट मांडलेले होते. चार टायर, ऐंशी हजार. पुढचे दोन फुगे, एक लाख ऐंशी हजार. हवेचा पंप, साठ हजार. गिअरचा संगणक, एक लाख साठ हजार. बेरीज चार लाख ऐंशी हजार. पेट्रोल आणि विमा वेगळा.

ही बेरीज मी वर्गातल्या गणितासारखी दोन रीतींनी सोडवून पाहिली. ज्याने मोटार साठ लाखांना घेतली, त्याच्या लेखी हा खर्च रुपयात आठ पैसे. ज्याने ती नऊ लाखांना घेतली, त्याच्या लेखी रुपयात त्रेपन्न पैसे. मोटार तीच, बिघाड तोच, बिल तेच. पहिल्याने चहा पितापिता धनादेश फाडला असता. दुसऱ्याने पहिल्या फुग्याला पगार लावला, दुसऱ्याला पतपेढीचे कर्ज, पंपाला बायकोची बांगडी. आणि त्यातच कुठेतरी सहलीचे पैसेही जिरले.

अशा वेळी आपल्याकडे म्हणींची कमतरता नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत या दोन्ही म्हणी त्याच दिवशी उच्चारल्या गेल्या, आणि उच्चारणाऱ्यांना त्याबद्दल बरे वाटले. मला तसे बरे वाटेना. अंथरूण पाहण्याचा उपदेश बहुधा लांब अंथरुणावर झोपलेली माणसे करतात. ज्याच्या वाट्याला जन्मतः आखूड अंथरूण आले त्याने आयुष्यभर गुडघे पोटाशी घेऊन झोपावे, असाच त्याचा अर्थ होतो. मी त्याला विचारले, “अरे, याच पैशात नवी, छोटी गाडी आली असती ना?” तो म्हणाला, “आली असती, बाई. पण मी या गाडीला दहा वर्षं बाहेरून पुसलंय. एकदा तरी दार आपण उघडून आत बसावं, एवढंच होतं.”

या उत्तराला माझ्याजवळ म्हण नव्हती. चांगल्या वस्तूची इच्छा हा अपराध नव्हे. सुबक, मजबूत, मन लावून केलेली वस्तू पाहून माणसाचे मन ओढ घेते ते काही हीन म्हणून नव्हे. आणि जुना बाजार हा एका अर्थाने न्यायच करतो. शेटजींच्या आसनावर माळ्याच्या मुलाला बसवतो. एका मालकाच्या हयातीत जी वस्तू एकाच घरी राहिली असती, ती दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या घरी जाते. यात वाईट काय? मग चुकते कुठे?

याचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर कार्ल्याची लेणी आहेत. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक त्या चैत्यगृहासमोरून जातात. आत छताला लाकडी कमानी आहेत. दगडाच्या पोटातले हे लाकूड सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. खांबांवर आणि भिंतींवर दात्यांचे लेख आहेत: कुणी खांब दिला, कुणी दार दिले. पण त्यांत एक लेख निराळा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचा. त्याने खांब दिला नाही की मूर्ती दिली नाही. त्याने करजिक नावाचे एक गाव दिले; कशासाठी, तर वळूरकाच्या लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या, मग ते कुठलेही असोत, निर्वाहासाठी. वळूरक म्हणजे हेच कार्ले. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात ‘मामाल’ हे नाव येते, आणि ते आपले मावळ असे अभ्यासक मानतात.

हा राजाचा जावई मला फार शहाणा वाटतो. लेणे खोदले म्हणजे काम संपले असे त्याने मानले नाही. आत माणसे राहणार, चार महिने मावळचा पाऊस कोसळणार, त्यांना खायला लागणार, हे त्याने ओळखले. आपल्याकडे देऊळ बांधणारा दिवाबत्तीसाठी जमीन लावून देई, तो याच शहाणपणाने. पेशवाईत एखाद्याला पालखीचा मान मिळाला, तर भोयांच्या खर्चासाठी पालखीची नेमणूकही मिळे. नुसती पालखी दिली असती, तर बिचारा सरदार पहिल्याच महिन्यात भोयांच्या पगारापायी पायी चालू लागला असता. जुन्या माणसांना एवढे ठाऊक होते, की पालखीत दोन गोष्टी असतात, एक दांडा आणि एक खांदा, आणि खांद्याला रोज पोट असते.

आमच्या जुन्या मोटारबाजारात दांडा स्वस्त मिळतो. खांद्याची गोष्ट कुणी काढत नाही.

आता पुढचा प्रश्न. कुणी म्हणेल, पोसवत नसेल तर न पोसावी. गाडी त्याची, नुकसान त्याचे, तुम्हा-आम्हाला काय? हा युक्तिवाद मला पुष्कळ दिवस बिनतोड वाटत होता. पण सांभाळण्याचा खर्च मोठा विचित्र असतो. तो द्यायचा टाळला तर नाहीसा होत नाही; तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतो. सहल चुकलेल्या मुलीच्या नावावर तो चढला, हे मी पाहिले. तिच्या आईच्या मोकळ्या मनगटावर चढला, तेही पाहिले. आणि याहून गंभीर गोष्ट गॅरेजच्या बाकावर कळली. त्या मोटारीच्या पुढच्या ब्रेकची तबकडी आणि गुटके दोन्ही झिजले होते. मिस्त्रीने सांगितले, लगेच बदल. हा म्हणाला, पुढच्या महिन्यात. समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागत होता. त्यावर त्याने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. आणि त्या महिन्यात तो कुटुंबाला घेऊन एकदा बोरघाट उतरून पनवेलला जाऊन आला.

काही झाले नाही. घाट प्रत्येक वेळी शिक्षा करतो असे नाही, आणि म्हणूनच माणसे चिकटपट्टी लावायला धजतात. पण त्या उतारावर त्याच्यापुढे जी जीप चालली होती, जी एसटी चालली होती, तिच्यातल्या माणसांनी त्याच्या मोटारीत एक पैसा गुंतवला नव्हता. त्या दिवशी त्याच्या गुटक्यांचे बिल त्यांच्या नावावर होते. केवळ सादर झाले नाही, इतकेच.

हा मुलगा वाईट नाही, हे मी पुन्हा सांगते. तो वर्गात असताना खडूचा तुकडासुद्धा परत आणून देत असे. ऐपतीबाहेरची वस्तू माणसाला एकदम वाईट करत नाही. ती त्याला रोज थोडे थोडे खोटे बोलायला लावते. आधी दिव्याशी, मग बायकोशी, मग पतपेढीशी. हा वस्तूच्या मोठेपणाचा दोष नव्हे. हातातली मिळकत आणि तिची भूक यांमधली दरी जिथे रुंद होते, तिथे खोटे हाच पूल उरतो.

यात विकणाऱ्याचेही कर्तव्य येते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. अर्थशास्त्र माझा प्रांत नाही. पण जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन पंडिताने १९७० साली याच जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्याला नोबेल मिळाले, हे वाचून मला मोठी मौज वाटली होती. अमेरिकेत खोटी निघालेली जुनी मोटार म्हणजे बोलीभाषेत ‘लिंबू’. आपण लिंबू गाडीला बाहेरून टांगतो. तिकडे गाडीच लिंबू! त्याचे म्हणणे सोपे आहे. विकणाऱ्याला गाडीचे दुखणे ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहून भाव पाडून मागतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मी कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो आणि मागे लिंबेच जास्त उरतात. म्हणजे एकाचे न सांगणे फक्त एका गिऱ्हाइकाला बुडवत नाही, ते सगळ्या बाजारातला विश्वास खाऊन टाकते. आमच्या या मुलाला गाडी विकणाऱ्याने तिला पॉलिश केले होते, आसनांना सुगंधी मेण लावले होते, आणि फुगे दोन दिवस टिकतील एवढी हवा भरली होती. तो काही खोटे बोलला नव्हता. त्याला कुणी विचारले नव्हते.

गेल्या चैत्रात मुलाने गाडी विकायचे ठरवले. मी त्याच्या घरी गेले होते. त्याची आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्यांच्या उरलेल्या शेतातला इंद्रायणी. म्हातारी मला म्हणाली, “बाई, दर साली पावसानं बांध फुटतो, आम्ही घालतो. शेताला घातलं तर शेत आपल्याला घालतं. हिला किती बी घाला, ही आपली मागतच ऱ्हाती.” हा भेद मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. सांभाळ तर सगळ्याच वस्तू मागतात, घर, विहीर, बैल, शिलाईयंत्र. काही मागून देतात, काही नुसत्या मागतात. नुसत्या मागणाऱ्या वस्तू घरात असूच नयेत, असे मी म्हणणार नाही; देव्हाराही नुसता मागतो, आणि कुंडीतली शेवंतीही. फक्त अशा वस्तू किती ठेवायच्या, आणि कुणाच्या ताटातले काढून त्यांना घालायचे, हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे. त्या घरात ते एकट्याने ठरवले होते.

विकताना त्याने एक गोष्ट केली. वहीतला सगळा हिशेब, बदललेले भाग, न बदललेले भाग, झिजलेले ब्रेक, चिकटपट्टीखालचा दिवा, असे सगळे एका कागदावर लिहून काढले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो कागद दिला. पुण्याहून आलेला एक दलाल कागद वाचून हसला आणि म्हणाला, हा फाडा, मी लाख रुपये जास्त देतो. त्याने फाडला नाही. महिनाभर गाडी पडून राहिली. शेवटी ती कमी किमतीला घेतली ती आमच्या गॅरेजवाल्याच्याच एका साथीदाराने, कामशेतच्या मिस्त्रीने. कागद वाचून कचरला नाही असा तो एकटाच निघाला, कारण त्या यादीतली निम्मी कामे तो स्वतःच्या हाताने करू शकत होता.

त्या व्यवहाराने माझा स्वतःचा एक समज दूर झाला. मोठी वस्तू मोठ्या पैसेवाल्याचीच, असे मी मनातून धरून चालले होते. हा मिस्त्री माझ्या विद्यार्थ्यापेक्षा श्रीमंत नाही; उलट थोडा गरीबच असेल. पण त्या मोटारीचे रबर कुठे सुकते, तिचे पाणी कुठून गळते, हे त्याला ठाऊक आहे. रविवारी दुकान बंद करून तो तिच्याखाली सतरंजी टाकून आडवा होतो. सुटा भाग घ्यावा लागतो तेव्हा दोन महिने थांबतो, आणि त्या दोन महिन्यांत गाडी रस्त्यावर काढत नाही. तिची भूक तो पैशाने भागवतो तेवढीच हाताने आणि धीराने भागवतो. वस्तूचे धनीपण खरेदीच्या कागदावर सुरू होते खरे. पण ते टिकते रोजच्या चाकरीने, आणि ती चाकरी करण्याचा अधिकार फक्त श्रीमंतांच्या मालकीचा नाही. ही गोष्ट मला म्हणींपेक्षा पुष्कळ दिलासा देणारी वाटते.

तेव्हा वाचकहो, या पाडव्याला कुणी मोठी मोटार घेणार असेल, मग ती दुसऱ्या हातची असो की तिसऱ्या, तर मी त्याला अंथरूण दाखवणार नाही. एवढेच सुचवीन, की आणखी दोन प्रश्न विचारावेत. विकणाऱ्याला विचारावे, ‘हिने गेल्या दोन वर्षांत काय काय खाल्ले?’ आणि घरी येऊन ताटावर बसलेल्या सगळ्यांना विचारावे, ‘ही पुढे खाईल ते कुणाच्या वाटणीचे?’ मग पेढ्यांच्या पुड्याशेजारी एक पाकीट ठेवून त्यावर ‘पालखीची नेमणूक’ असे लिहावे आणि दर महिन्याला त्यात काही घालावे. पाकीट भरत असेल, तर मोटार खुशाल घ्यावी, आणि मला बोरघाटातून एक चक्कर मारून आणावी. मी मागच्या आसनावर मजेत बसेन. मात्र निघण्यापूर्वी समोरच्या काचेखाली चिकटपट्टी आहे का, तेवढे वाकून पाहीन.